मध्ययुगीन लाकडी संतमूर्ती मागून पोकळ का असतात?

जर्मनीतल्या संग्रहालयात एका लाकडी संतमूर्तीच्या मागे डोकावलात आणि ती आतून कोरून काढलेली दिसली, म्हणून तुम्ही विचारताय की कारागिराने लाकडात काटकसर केली का. अजिबात नाही. मूर्ती तडकू नये म्हणून त्याने ही जास्तीची मेहनत घेतली.

माझे वडील सुतार. गाभ्यासकट ओंडका वाळला की त्याला उभी चीर जाते, हे मी लहानपणापासून बघत आलोय. वाळताना लाकूड गाभ्याच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट घेरात आकसतं. हा ताण गाभ्यापर्यंत चीर पाडूनच सुटतो. मागून गाभाच काढून टाकला की उरलेल्या कवचाला हलायला जागा मिळते. वजनही घटतं. मूर्ती चर्चच्या वेदीवरच्या लाकडी कपाटात उभी राहायची, तेव्हा पाठ कोणाला दिसणार?

दक्षिण जर्मनीत हे काम लिंडनच्या लाकडात चाले. इंग्रजीत त्याला लाइम म्हणतात, पण आपल्या लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. मऊ, एकसारखा पोत, पटाशी कुठेही वळते. रोथेनबुर्गच्या सेंट याकोब चर्चमध्ये टिलमान रीमेनश्नायडर या शिल्पकाराने 1501 ते 1505 च्या सुमारास घडवलेली वेदी, म्हणजे वेदीवरचं मूर्तींचं कपाट, जरूर बघा. येशूच्या शिष्यांसोबतच्या शेवटच्या भोजनाचा प्रसंग आहे आणि मधोमध येशू नाही, त्याचा विश्वासघात करणारा शिष्य यहूदा पैशाची थैली धरून उभा आहे! मागच्या खिडक्यांतून उजेड येतो, तसे चेहरे बदलत जातात. मी तासभर तिथून हललो नाही.

ही वेदी रंगवलेली नाही, आणि त्या काळात ते धाडसच होतं. एरवी खडू आणि सरसाचा लेप देऊन वर रंग, सोन्याचा वर्ख चढवत. रीमेनश्नायडरचीच म्युनरश्टाट गावातली वेदी 1492 मध्ये बिनरंगाची बसवली होती. बारा-एक वर्षांनी ती फाइट श्टॉसकडून रंगवून घेतली गेली. श्टॉस म्हणजे पोलंडमधल्या क्राकोची प्रचंड वेदी घडवणारा शिल्पकार! त्याला दुसऱ्याच्या मूर्तीवर कुंचला फिरवताना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता पुन्हा गेलात की मूर्तीचं डोकं वरून बघा. बऱ्याच मूर्तींच्या टाळूवर लाकडी बूच मारलेलं भोक असतं. कोरताना ओंडका आडवा ठेवून डोक्याकडून आणि पायाकडून खिळ्यांत पकडत आणि हवा तसा फिरवत, त्याची ती खूण.