मोबाइलचं मागचं प्लास्टिक कव्हर बनवतोयस? आधी कॅमेऱ्याची खिडकी बघ

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मोल्ड, म्हणजे साचा, करायला टाकण्याआधी एवढं तपास. पीसी-एबीएस या मिश्र प्लास्टिकच्या कव्हरची भिंत 1.2 मिमी असेल, तर आतली रिब, म्हणजे मजबुतीची उभी पट्टी, 0.6 ते 0.7 मिमीच ठेव. जाड केलीस की बाहेरच्या चकचकीत बाजूला खड्डा दिसणारच. ड्राफ्ट, म्हणजे साच्यातून सुटायला भिंतीला दिलेला उतार, निदान 1 अंश, पृष्ठभाग खरखरीत (टेक्श्चर) असेल तर जास्त.

खरी मेख कॅमेऱ्यापाशी. मॉड्यूल, म्हणजे कॅमेऱ्याचा अख्खा सुटा भाग, लेन्सच्या नळीवर दाबून बसवू नकोस. ऑटोफोकसवेळी नळी पुढे सरकते तेव्हाच जवळचं स्पष्ट येतं. ती कुठं टेकली की कागदावरची अक्षरं धूसर. दाब बाजूच्या चौकटीवर दे, मधे काळा मऊ फोम. खिडकी लेन्सला दिसतं तेवढीच काढलीस, तर मॉड्यूल 0.2 मिमी सरकलं तरी फोटोचे कोपरे काळे होतात. फ्लॅश शेजारी असेल तर मधे अपारदर्शक आडभिंत हवीच, नाहीतर काचेतून उजेड लेन्समध्ये शिरून फोटो पांढरट होतो.

आणि दाणा, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल. खानापूरकडचा पाऊस ठाऊक आहे की तुला! उघड्या पोत्यातला पीसी-एबीएस साधारण 100 अंशांवर 3-4 तास सुकवल्याशिवाय मशीनला घालू नकोस. ओल राहिली की कव्हरवर चंदेरी रेघा उमटतात, आणि सगळे मोल्डलाच दोष देत बसतात.