पाकीट सापडलं तर

गौरी,
मेलबर्नला यायचं ठरवते आहेस आणि विचारतेस, ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटी, म्हणजे इथली मानसशास्त्रज्ञांची संघटना, मूलनिवासींशी समेटाचं एवढं बोलते ते खरं, की भिंतीवर लावायला?

व्हिसाचं सगळं वेबसाइटवर आहे. फक्त पदवी माहेरच्या आणि पासपोर्ट सासरच्या नावावर असेल, तर ॲफिडेव्हिट आत्ताच कर. 'या दोघी एकच' हे पटवण्यात माझे सात महिने गेले.

सोसायटीनं इथल्या मूलनिवासींची, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांची, जाहीर माफी मागितली २०१६ साली. सरकारनं माफी मागितली त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. पण मोघम नाही मागितली. आमच्या चाचण्यांनी तुमच्या कुवतीबद्दल चुकीचं चित्र उभं केलं, आमच्या संशोधनानं संशोधकांचंच भलं झालं, सरकारनं तुमची मुलं हिरावून नेली तेव्हा आम्ही गप्प बसलो, असं सगळं त्यात आहे. बैठकीच्या सुरुवातीला वुरुंजेरी लोकांचं, म्हणजे या जमिनीच्या मूळ धन्यांचं नाव घेतात. कधी कधी प्रतिज्ञा उरकल्यासारखं.

मी अडकले ते चाचण्यांच्या वाक्यापाशी. इथे आल्यावर सहा वर्षांच्या माझ्या लेकाची शाळेत चाचणी घेतली. कुंपणाचं चित्र दाखवलं, हा गप्प. गाडीत म्हणाला, "कुंपण आहे ते. पण त्या बाईंना कुठे मराठी येतं?" रिपोर्टात आलं, शब्दसंग्रह वयाच्या मानानं कमी. तो आता बारावीत आहे. मी तो कागद अजून फाडलेला नाही.

आणि मी काय केलं होतं? सोलापुरात नोकरीला असताना पारधी वस्तीवरच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या, मराठीतून. घरी ती पारधी बोलीत बोलायची. एका मुलीला विचारलं, "रस्त्यात कुणाचं पाकीट सापडलं तर काय करशील?" तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या पेनाकडे. इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलेली जमात. तो कायदा देशातून १९५२ साली गेला, पण वस्तीवर पोलीस यायचे ते येतच राहिले. तिनं काय उत्तर द्यायचं होतं? मी शून्य मांडलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

एकटेपणाचं विचारलंयस. वाटतं. जूनमध्ये सव्वापाचला अंधार पडतो तेव्हा जरा जास्त. सवय होते.

नोकरीच्या मुलाखतीत विचारतील, अशा समाजांबरोबर काम केलंयस का. मी म्हणाले होते, "हो, वर्षभर." पाकिटाचं सांगितलं नाही.