अधिकाऱ्याने विचारलं तर काय सांगू?

"मुलाने आम्हा दोघांचं अमेरिकेचं ग्रीन कार्ड करून दिलंय. सहा महिने तिथे, सहा महिने इथे असं चाललं होतं. आता रोज नवीन काहीतरी ऐकू येतं. झोप उडालीये. काय करायचं?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की वाक्य अर्धं झालं की उरलेलं मला पाठ असतं. त्यातल्या एका काकूंची ही हकिगत. त्यांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, म्हणून नुसतं काकू आणि काका.

2025 च्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्या माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत आल्या. वय 69. न्यू जर्सीहून परतून दोन आठवडे झाले होते. जेट लॅग केव्हाच उतरला होता, तरी रात्री अडीचला जाग यायची आणि हात उशीजवळच्या फोनकडे जायचा. फॅमिली डॉक्टरांनी बी.पी.ची गोळी वाढवून दिली होती आणि वर "कोणाशी तरी बोला" असंही सांगितलं होतं. हातात निळी फाइल. मी काही विचारायच्या आत त्यांनी ती टेबलावर उघडली. पासपोर्टच्या प्रती, तिथल्या बँकेची स्टेटमेंट्स, टॅक्स रिटर्न, तिथल्या लायब्ररीचं कार्डसुद्धा, सगळं प्लॅस्टिकच्या पाकिटांत. माझ्यासमोर त्या जणू इमिग्रेशनच्या खिडकीशीच बसल्या होत्या.

भीतीची सुरुवात मार्चमधली. अमेरिकेच्या विमानतळांवर वयस्क ग्रीन कार्डधारकांना बाजूला घेतात आणि आय-407 नावाच्या फॉर्मवर सही करायला सांगतात, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. हा फॉर्म म्हणजे कार्ड स्वखुशीने परत करतोय असं लिहून देणं. तेव्हापासून काकूंच्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपांवर धुमाकूळ होता. सप्टेंबरात आणखी भर पडली. 79 वर्षांपुढच्या अर्जदारांना व्हिसाच्या मुलाखतीतून वयामुळे मिळणारी सूट 2 तारखेपासून गेली. 19 तारखेला एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर 1 लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि त्या शनिवार-रविवारी निम्मा ग्रुप विमानाची तिकिटं शोधत बसला. यातलं एकही काकूंना लागू नव्हतं. मुलगा तिथला नागरिक, नाहीतर त्याला आईवडिलांसाठी अर्ज करताच आला नसता. पण रात्री अडीचला एच-1बी काय, व्हिसा काय आणि ग्रीन कार्ड काय, सगळी एकच खिचडी.

इथे मी चूक केली. आठनंतर फोन दुसऱ्या खोलीत, श्वासाचा व्यायाम, बातम्या दिवसातून एकदा, असा आमच्या धंद्यातला नेहमीचा शिधा त्यांच्या पिशवीत घातला. पुढच्या बुधवारी काकू म्हणाल्या, "केलं हो सगळं." झोप मात्र होती तिथेच. मुळात ज्या गोष्टीची भीती होती ती खरी किती आणि ऐकीव किती हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही. मग श्वास तरी कशाच्या जोरावर शांत व्हायचा? आता अशा माणसांना मी आधी वकिलाकडे पाठवते. एजंटकडे नाही आणि "माझ्या भाच्याचं असंच झालं होतं" म्हणणाऱ्याकडे तर नाहीच.

मुलाने तिथल्या इमिग्रेशन वकिलाशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. काकूंनी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. कार्डावर 10 वर्षांची मुदत असते, पण ती प्लॅस्टिकच्या कार्डाची. तिथे राहण्याचा हक्क तिथे खरोखर राहण्यावर टिकतो. सलग 180 दिवसांच्या वर बाहेर राहिलात तर परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी होऊ शकते. वर्षाच्या वर राहिलात आणि हातात री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, नसेल तर नुसत्या कार्डावर आत जाता येत नाही. हे परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच भरावा लागतो, मुंबईत बसून नाही. आय-407 वर सही करायलाच हवी अशी सक्ती कोणी करू शकत नाही. नाही म्हटलं तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जातं. काकूंनी शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मला त्या वहीतलं वेगळंच वाक्य लक्षात राहिलं. वकील म्हणाले होते, यातलं बहुतेक सगळं जुनंच आहे. दर सहा महिन्यांनी जाऊन येणं म्हणजे तिथे राहणं, असं कायद्यात कधीच नव्हतं. इतकी वर्षं कोणी फारसं विचारत नव्हतं, आता विचारतात.

त्या आठवड्यात काकू दोन रात्री सलग झोपल्या. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा अडीच.

(कॅनडात मुलं असलेल्यांची तऱ्हा निराळी. तिथे आईवडिलांना कायमचं बोलावण्यासाठी 2025 मध्ये नवी नावं घेतलीच नाहीत, 2020 मध्ये नाव नोंदवलेल्यांतल्याच काहींना अर्ज करू दिला. पण सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. म्हणजे भीती अमेरिकेसारखी दारातून परत पाठवण्याची नसते, पाहुणे म्हणूनच म्हातारं होण्याची असते. ते पुन्हा कधीतरी.)

मग एका भेटीत काकू सहज बोलून गेल्या की रोज संध्याकाळी गॅलरीत त्या काकांकडून परीक्षा घेतात. काका अधिकारी, काकू प्रवासी. मी म्हटलं, माझ्यासमोर करून दाखवा. किती दिवस बाहेर होता? उत्तर तयार. का गेला होता? तयार. इंग्रजी साधं आणि स्वच्छ. मग मी विचारलं, "व्हेअर डू यू लिव्ह?"

काकू थांबल्या. चष्मा काढला. "हेच येत नाही," म्हणाल्या. "काका विचारतात तेव्हाही इथेच अडतं."

बाकी मी काही विचारलं नाही, सगळं त्याच सांगत गेल्या. पार्ल्यातलं घर पूर्वेला, लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचं. इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली. विमानतळाच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यामुळे, उंचीला मर्यादा, म्हणून तिथल्या कितीतरी इमारतींसारखी यांचीही वर्षानुवर्षं रखडलेली. अखेर गेल्या वर्षी पाडली. आता जोगेश्वरीला भाड्याच्या वन बीएचकेत, निम्मं सामान खोक्यांत. न्यू जर्सीत खोली आहे, चांगली आहे, सून तिला गेस्ट रूम म्हणते. "वाईट अर्थाने नाही हं," काकूंनी लगेच जोडलं. "घर घेतलं तेव्हापासून तिचं नावच ते आहे." मग हसून म्हणाल्या, "बघा ना, आमच्या घरावरही विमानाचे नियम, माझ्यावरही विमानाचेच."

त्यानंतर जे सांगितलं ते त्यांनी घरात कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मार्चमध्ये पहिला फॉरवर्ड वाचला तेव्हा धस्स झालं, आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. विमानतळावर कोणी काढून घेतलंच कार्ड, तर आपल्याला काही बोलावं लागणार नाही. मुलाला 'मला तिथे नाही राहायचं' हे सांगणं टळेल. नियमानेच सांगितलं तर कोणाचं मन दुखवल्याचं पाप नाही. "आणि मग रात्री वाटतं, मी हे असं चिंतते म्हणूनच होईल."

अडीचला जागं करणारं हे होतं. जी गोष्ट आपल्याला हवी आहे तिचीच भीती वाटत असेल तर माणूस बातम्या वाचत राहतो, कारण कुठली बातमी चांगली आणि कुठली वाईट हेच त्याला ठरवता येत नाही. हे एकट्या काकूंचं नाही. बायका हे लवकर बोलून दाखवतात, पुरुष चिडचिडीत दडवतात, एवढाच फरक मला दिसलाय.

न बोलण्याला कारणं होती. 2017 मध्ये कार्ड झालं तेव्हा नाती लहान, एक तर पोटातच. काकूंचा तिथे खरा उपयोग होता. आता मुली शाळेतून येऊन स्वतःचं खाणं मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घेतात. नोकरी न केलेल्या पासष्टीपुढच्या ग्रीन कार्डधारकाला पाच वर्षं सलग तिथे राहिल्यावर मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, विकत घेता येतं. 2025 मध्ये त्याच्या हॉस्पिटलच्या भागाचा पूर्ण हप्ता महिन्याला 518 डॉलर आणि डॉक्टरच्या भागाचा 185. दोघांचे मिळून 1400 च्या वर. मुलगा भरतो, कधी शब्द काढत नाही. काकू मात्र प्रत्येक वेळी त्याचे रुपये करतात. "एवढं करतोय तो. आणि मी म्हणू, नको?"

शिवाय काका. नेहमी उलटं असतं, नवऱ्याला गावाची ओढ आणि बायको नातवंडांत रमलेली. इथे काकांना तिथली शांतता आवडते. बँकेतून निवृत्त होऊन 14 वर्षं झाली. तिथे रोज लायब्ररीत पेपर, रविवारी देऊळ, थंडीत मॉलमध्ये चार फेऱ्या. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा म्हणून ते इथे येतात, असं काकू म्हणायच्या. मी काकांना बोलावून घेतलं. ते नाराजीनेच आले आणि आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, एका सरकारला मी जिवंत आहे हे दाखवायचं आणि दुसऱ्याला मी तिथेच जिवंत आहे हे. यात तुम्ही काय करणार?" माणूस मला तिथेच आवडला.

त्या दिवशी काकूंनी त्यांच्यासमोर 'मला तिथे नाही राहायचं' हे वाक्य म्हटलं. मी मदत केली नाही. काका बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मला वाटायचं तुला पोरांशिवाय करमत नाही, म्हणून मी ग्रोसरी स्टोअरमध्ये मेथी शोधत फिरतो." दोघं हसली नाहीत. मीही नाही.

मुलाशी बोलणं एका शनिवारी संध्याकाळी सातला ठेवलं, तिकडे सकाळचे साडेआठ. मला वाटलं होतं तो समजून घेईल. त्याने समजून घेतलं नाही, निदान त्या दिवशी तरी. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?" हे त्याने तीनदा विचारलं. सून जास्त स्पष्ट बोलली: आई, तुम्ही खूश नाही हे दिसत होतं, पण विचारलं तर तुम्हाला हाकलतोय असं वाटलं असतं. कॉल पंचवीस मिनिटांत संपला, जरा ताणलेलाच. काकू जिन्यावर मला म्हणाल्या, "फार बोलले का मी?" आठवडाभर त्याचा फोन आला नाही. त्या आठवड्यात त्यांची झोप आणखी बिघडली हेही लिहायला हवं, नाहीतर ही हकिगत खोटी होईल. नंतर फोन आला तो नातीचा, शाळेतल्या प्रोजेक्टसाठी पुरणपोळीची कृती हवी होती. पाठीमागून मुलाचा आवाज आला, "आईला विचार, जोगेश्वरीला गीझर बसवला का."

पुढचं ठरलं ते असं. काका मार्चअखेर एकटे जातील, म्हणजे सहा महिने पूर्ण व्हायच्या आत, आणि पोचल्यावर री-एंट्री परमिटचा अर्ज भरतील. काकू यावेळी जात नाहीत. त्यांच्या वर्षाची मुदत ऑक्टोबर 2026 मध्ये संपते. तोवर कार्ड ठेवायचं की रीतसर परत करायचं हे त्या ठरवतील. परत करायचं तर त्यातही एक मेख वकिलांनी दाखवली: गेल्या 15 वर्षांपैकी 8 वर्षांत कार्ड हातात असेल तर सोडताना कराचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, म्हणून आधी तिथल्या सी.पी.ए.ला, म्हणजे आपल्याकडच्या सी.ए.सारख्या माणसाला, गाठायचं. इथल्या एफ.डी. तिथल्या रिटर्नमध्ये दाखवल्या होत्या का, हेही त्यानिमित्ताने तपासून घ्यायचं. (तुमच्याकडे कार्ड असेल तर हे आजच विचारा. फार जणांना कल्पनाच नसते.) पुढे नातींना भेटायला व्हिजिटर व्हिसा मागता येईल, त्यासाठी बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला उभं राहावं लागेल, आणि तो मिळेलच असं नाही. हे काकूंना माहीत आहे. व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनी सोडलेले नाहीत. फक्त फॉरवर्ड आला की आधी वहीत बघतात, आपल्याला लागू आहे का ते.

डिसेंबरात त्या शेवटच्या आल्या तेव्हा मी पुन्हा तो प्रश्न विचारला, इंग्रजीतच. "पार्ला ईस्ट," त्या म्हणाल्या. "बिल्डिंग अजून उभी नाही, पण पार्ला ईस्ट."

जाताना घाईत होत्या. काका खिचडी लावायला शिकत होते आणि तीन शिट्ट्या मोजायच्या ठरल्या असताना फोन करून विचारत होते, कुकर हळूच फुसफुसतो ती धरायची की नाही.