डायल टोन येतो म्हणून लाइन ठीक आहे असं धरू नका

दुसऱ्या लाइनवर एकच रिंग वाजते, ऑपरेटरने उचलेपर्यंत बंद पडते आणि फोन करणारा म्हणतो, "तुम्ही उचललात, पण बोललाच नाहीत." तुमचं हे वाचलं आणि आमचे ते पाच आठवडे डोळ्यांपुढे आले. अगदी हेच होत होतं. फोन बदलून बघणं, वायर हलवून बघणं तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

मला सगळ्यात महागात पडलं ते ईपीएबीएक्सवर, म्हणजे बाहेरच्या लाइन ऑफिसातल्या फोनांना वाटून देणाऱ्या आमच्या यंत्रावर, संशय घेणं. आधी ट्रंक कार्ड, म्हणजे बाहेरची लाइन ज्याला जोडतात ते त्यातलं कार्ड, बदललं. फरक पडेना, तेव्हा सर्व्हिसवाल्याच्या सांगण्यावरून अख्खी सिस्टिम फॅक्टरी डिफॉल्टला नेली, तीही बॅकअप न घेता. कोणत्या एक्स्टेंशनला बाहेर फोन लावता येतो, रात्री रिंग कुठे जाते, हंट ग्रुपमध्ये (एक फोन लागला नाही तर रिंग पुढच्याकडे जाते तो गट) कोण, सगळं पुसलं गेलं. दोन दिवस टेबलाटेबलापाशी जाऊन विचारलं, वहीत लिहिलं, पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच एक रिंग. म्हणून कळकळीने सांगते, कुणी काहीही म्हणो, बाहेरची लाइन तपासल्याशिवाय रीसेटला हात लावू देऊ नका.

लाइन ज्यांची, त्यांच्या तक्रार विभागाने तर छळच मांडला होता. तीनदा "टेस्ट ओके" लिहून तक्रार बंद केली. माणूस दुपारी यायचा, डायल टोन ऐकायचा, सही घेऊन जायचा. अहो, डायल टोनने रिंगचं काय कळणार? फोन ठेवलेला असताना लाइनवर साधारण 48 व्होल्ट डीसी असतो. रिंग देताना त्यावर 75 ते 90 व्होल्टचा एसी चढतो, 20-25 हर्ट्झचा. डीसी करंट वाहू लागला की फोन उचलला असं एक्स्चेंज समजतं आणि रिंग थांबवतं. जोडात ओल असली तर करंट तिथूनच गळतो, कुणी फोनला हातही न लावता. दुपारी जोड सुकला की सगळं छान.

शेवटी एके दिवशी सकाळी लवकर गेले. एमडीएफवरून, म्हणजे बाहेरच्या तारा ऑफिसात येऊन जिथे जोडल्या जातात त्या फ्रेमवरून, त्या लाइनच्या तारांची जोडी ईपीएबीएक्सपासून सोडवली, तिथेच साधा फोन लावला आणि मोबाइलवरून त्या नंबरवर कॉल केला. एक रिंग झाली. रिसीव्हर जागेवरच, आणि मोबाइलच्या स्क्रीनवर सेकंद धावायला लागले, 00:01, 00:02. त्याचा व्हिडिओ काढून दाखवला, तेव्हा कुठे बाहेरची डबी उघडली गेली. आत तांब्याच्या जोडावर हिरवा थर चढला होता. जोड नवा केला, रिंग सुरळीत.

तुम्हीही एवढं करा. तारा मात्र उघड्या हाताने धरू नका, रिंगचा झटका चांगलाच बसतो. अशा चाचणीत रिंग नीट आली तरच आत शोधा. समांतर जोडलेलं फॅक्स ऑटो आन्सरवर असलं किंवा ऑटो अटेंडंट (आपोआप फोन उचलून रेकॉर्ड केलेला संदेश ऐकवणारी सोय) चालू राहिला, तरी असंच दिसतं. रिंग तुटत नाही पण मंद वाजते, असं असेल तर एका लाइनवर किती फोन लटकवलेत ते मोजा.

मी टेक्निशियन नाही, ऑफिसचं प्रशासन बघते, आणि आमच्या लाइन तांब्याच्या अॅनालॉग होत्या. तुमच्याकडे फायबरचा डबा असेल तर रिंग तो डबाच तयार करतो. मग बाहेरच्या ओलीचा प्रश्न येत नाही, डबा आणि त्यापुढची आतली वायर बघा.

तक्रार लिहिताना "रिंग येत नाही" एवढंच लिहू नका. "सकाळी पहिल्या रिंगनंतर कॉल आपोआप उचलला जातो, इन्सुलेशन टेस्ट करा, सकाळीच या" असं लिहा (इन्सुलेशन टेस्ट म्हणजे तारांमधून करंट गळतो का ते मोजणं), आणि चाचणी होईपर्यंत सही देऊ नका. आधी मला एवढं सांगा, तुमच्याकडे हे सकाळी आणि पाऊस झाल्यावर जास्त होतं का?