पाळलेल्या कीटकांचे जवळून फोटो कसे काढावेत?

तुम्ही विचारले आहे की, घरी बरणीत पाळलेल्या खंडोबाच्या किड्याचे (प्रेइंग मँटिसचे) आणि कुंडीतल्या कढीपत्त्यावरच्या अळ्यांचे मोबाइलने काढलेले फोटो धूसर येतात, तर त्यासाठी मॅक्रो लेन्स, म्हणजे फार जवळून फोटो काढायची लेन्स, घ्यावी का; आणि कीटक हलू नये म्हणून काही जण त्याला थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवतात, ते योग्य आहे का. शेवटी जाता जाता तुम्ही असेही लिहिले आहे की, किडा दोन दिवसांपासून काही खात नाही, झाकणाला उलटा लटकून स्वस्थ आहे, आणि म्हणून फोटोसाठी ही वेळ बरी वाटते. मी या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळे थांबू शकते, हे थांबू शकत नाही.

तुमचा किडा बहुधा कात टाकण्याच्या तयारीत आहे. खंडोबाच्या किड्याचे पिल्लू कात टाकण्याआधी काही दिवस खाणे सोडते, वर चढून डोके खाली करून लटकते आणि हालचाल कमी करते. मग पाठीवर कातडी उकलते आणि तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकत जुन्या कातडीतून बाहेर येतो. या कामाला साधारण अर्धा तास लागतो, आणि त्यानंतरही अंग कडक व्हायला काही तास जातात. या वेळात तो पडला, तर वाकलेले पाय तसेच वाळतात. त्यामुळे झाकण उघडू नका, बरणी फिरवू नका; अपवाद एकच, आत सोडलेली माशी उरली असेल तर ती आजच हलक्या हाताने काढून घ्या. खाली त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट मोकळी जागा आहे ना, हेही पाहा.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे, कारण माझ्याकडून ही चूक झालेली आहे. हायरोड्युला प्रजातीच्या खंडोबाच्या किड्याची एक हिरवी मादी माझ्याकडे तिच्या शेवटच्या कातीपर्यंत वाढली होती. रात्री साडेनऊच्या सुमारास कातडी उकलताना दिसली आणि प्लास्टिकच्या डब्याच्या भिंतीवर दिव्याचे प्रतिबिंब पडत होते, म्हणून मी झाकण दोन बोटे तिरके केले. जाळीला धरलेले मागचे पाय सुटले आणि ती अर्धी बाहेर, अर्धी आत अशी तळाशी पडली. मी तिला चिमट्याने काडीवर टेकवले, पण पंख चुरगळलेल्या बटर पेपरसारखे वाळले आणि पुढचा एक पाय सरळ झालाच नाही. पुढचे तीन आठवडे मी तिला चिमट्याने माश्या भरवल्या. त्या रात्रीचा एकही फोटो मी ठेवलेला नाही. तेव्हापासून कातीचे फोटो मी बंद डब्याबाहेरूनच काढते. त्यासाठी दर्शनी बाजूला काच असलेला डबा घेतला, लेन्सच्या तोंडाभोवती काळे कापड गुंडाळून ती काचेला टेकवली की प्रतिबिंब उरत नाही. तुमच्या बरणीची काच गोल असेल तर चित्र थोडे वाकडे येईल, तरी या वेळी तेवढ्यावर समाधान मानावे.

फ्रीजबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ठेवू नये. कीटकाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असते, त्यामुळे थंडीत तो सुस्त होतो हे खरे; पण सुस्त कीटक सुस्तच दिसतो. पाय पोटाशी ओढलेले, स्पर्शिका खाली पडलेल्या, डोके झुकलेले, असा फोटो जाणकाराला लगेच कळतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर फ्रीजमधून काढताच त्याच्या अंगावर आणि डोळ्यांवर वाफ धरते आणि तपशील आणखी झाकला जातो. कातीच्या जवळ आलेल्या किड्याच्या जिवाला यात धोकाही आहे. रानात दोन मिनिटे दिसलेल्या कीटकाचा फोटो हवा असलेल्या माणसाची घाई एक वेळ समजू शकते, पण तुमचा किडा तुमच्याच घरात राहतो. तो केव्हा खातो, केव्हा पाणी पितो, केव्हा निवांत असतो, हे तुम्हाला रोज पाहायला मिळते. पाळलेल्या कीटकाचा फोटो काढणाऱ्याकडे हे सर्वांत मोठे साधन असते आणि लेन्सचा विचार मी त्यानंतर करते.

उदाहरण सांगते. खंडोबाचा किडा भक्ष्य खाऊन झाले की पुढचे काटेरी पाय एकेक करून तोंडाशी नेतो आणि मांजरीच्या तन्मयतेने साफ करतो. पायाचा प्रत्येक काटा जबड्यातून जातो, मग तोच पाय डोळ्यावरून फिरतो. हे बराच वेळ चालते, त्या वेळात तो जागा सोडत नाही आणि कॅमेरा दहा सेंटिमीटरवर आला तरी सहसा बिचकत नाही. माझे उत्तम फोटो याच वेळेचे आहेत. तसेच सकाळी डब्यात पाण्याचा बारीक फवारा मारला की तो पानावरचे थेंब पितो. थेंबासह फोटो हवा असेल, तर तो असा मिळवावा. आणि डोळे हिरवे हवे असतील तर फोटो दिवसा काढावा, कारण रात्री डोळ्यांतले रंगद्रव्य सरकते आणि तेच डोळे काळपट तपकिरी होतात. मी नोकरीवरून आल्यावर रात्री फोटो काढत असे, तेव्हा पहिले काही महिने मला हा प्रकाशाचा दोष वाटत होता.

डोळ्यात दिसणारा आणि कॅमेऱ्याबरोबर सरकणारा काळा ठिपका ही बाहुली नव्हे. संयुक्त डोळ्यातली जी सूक्ष्म भिंगे नेमकी आपल्या दिशेने रोखलेली असतात, ती आलेला प्रकाश शोषून घेतात आणि म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. फोटोत मात्र या ठिपक्यामुळे किडा आपल्याकडे पाहतो आहे असे वाटते, त्यामुळे दोन्ही डोळ्यांत तो सारखा आला की चेहरा समोरून नीट आला असे समजावे. दोन स्पर्शिकांच्या मध्ये आणखी तीन साधे डोळे असतात. तेही स्पष्ट आले, तर फोकस जमला.

आता धूसरपणाकडे येते. जवळच्या फोटोत धूसरपणा तीन कारणांनी येतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिले कारण म्हणजे फोकसच्या पट्ट्याची जाडी. वस्तू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, तिच्या खऱ्या आकाराइतकी उमटते तेव्हा त्याला १:१ म्हणतात. नेहमीच्या छोट्या सेन्सरच्या डीएसएलआरवर १:१ ला एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे, माप; आकडा मोठा तितके छिद्र बारीक) ठेवले, तरी स्पष्ट दिसणारा पट्टा एक मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा असतो. अ‍ॅपर्चर याहून फार बारीक केले, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ होते. म्हणून मी एफ/८ ते एफ/११ च्या पलीकडे जात नाही आणि कोन बदलते: किड्याचे अंग सेन्सरला समांतर ठेवले की बाजूने सगळे शरीर त्या पट्ट्यात बसते, समोरून घेतले तर फक्त डोळे धरते. दुसरे कारण हाताचा कंप आणि तिसरे कीटकाची हालचाल, आणि या दोन्हींवर तिपाईपेक्षा फ्लॅश अधिक उपयोगी पडतो, कारण कमी शक्तीवर ठेवलेल्या फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहून पुष्कळ कमी काळ टिकते.

उघडा फ्लॅश मात्र वापरू नये. कीटकांचे अंग लाखेसारखे चकचकीत असते आणि त्यावर पांढरा डाग पडून खालचा रंग नाहीसा होतो. फ्लॅश आणि कीटक यांच्या मध्ये ट्रेसिंग पेपर किंवा स्वयंपाकघरातला बटर पेपर वाकवून धरावा. चार सेंटिमीटरच्या किड्याजवळ धरलेला वहीच्या पानाएवढा कागद त्याच्या दृष्टीने आभाळाएवढा असतो, त्यामुळे सावल्या मऊ येतात. मागे दहा सेंटिमीटरवर एखादे खरे पान लावावे, नाहीतर फ्लॅशचा प्रकाश मागे पोहोचत नाही आणि पार्श्वभूमी काळीठिक्कर येते. काहींना ती आवडते. दिवसा वावरणारी अळी रात्रीची वाटावी हे मला पटत नाही. हॅलोजनसारखे तापणारे दिवे छोट्या डब्याजवळ आणू नयेत.

लेन्स घ्यावी का, तर आत्ताच नको. मोबाइलच्या छोट्या सेन्सरमुळे फोकसचा पट्टा तुलनेने जाड मिळतो, हा तुमचा फायदाच आहे. मोबाइलमधला मॅक्रो पर्याय बहुधा रुंद कोनाच्या लेन्सचा असतो आणि तो वस्तूच्या तीन-चार सेंटिमीटर जवळ नेल्यावर मोबाइलचीच सावली पडते; म्हणून प्रकाश एका बाजूने द्यावा आणि त्याच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. एलईडी दिव्याखाली फोटोवर आडवे पट्टे येत असतील, तर प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने दिव्याची लुकलुक त्या वेगाशी जुळते. पुढे कॅमेरा घेतलात आणि त्यासोबत साधी झूम लेन्स असेल, तर तिच्या तोंडावर लावायचे रेनॉक्स डीसीआर-२५० हे आठ डायॉप्टर शक्तीचे भिंग पुष्कळ काम करते. २५० मिलिमीटरच्या झूमवर ते जवळजवळ दुपटीपर्यंत मोठे दाखवते आणि कीटकापासून बारा सेंटिमीटरच्या आसपास अंतर राहते. पन्नास मिलिमीटरची लेन्स असेल, तर एकूण पन्नास मिलिमीटरच्या एक्स्टेन्शन ट्यूबने (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळीने) १:१ मिळते, फक्त अंतर कमी राहते. मी स्वतः चार वर्षे या दोहोंवरच काम केले.

फोकस धरण्याची पद्धत मात्र पहिल्या दिवसापासून बदला. ऑटोफोकस बंद करावा, किती मोठे हवे ते आधी ठरवावे आणि मग फोकसची कडी न फिरवता स्वतःच किंचित पुढे-मागे व्हावे. अळी बसलेली काडी डाव्या हातात धरून लेन्सचे तोंड त्याच हाताच्या मुठीवर टेकवले, तर हात हलला तरी अळी आणि लेन्स एकत्र हलतात आणि पट्टा सुटत नाही. अनेक फोटो जोडून सगळे अंग स्पष्ट करण्याची स्टॅकिंगची पद्धत जिवंत कीटकावर थोडीच चालते. निवांत बसलेल्या अळीचे आठ-दहा फोटो जुळतात. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हन बिस यांचे कीटकांचे भव्य फोटो पाहून आपणही तसे करावे असे वाटेल, पण ते ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले टाचलेले नमुने आहेत आणि एकेका चित्रासाठी आठ ते दहा हजार फोटो जोडलेले आहेत. जिवंत कीटकासाठी ते माप लावू नये.

तुमच्या कढीपत्त्यावरच्या अळ्या वर्णनावरून लिंबावरच्या फुलपाखराच्या, म्हणजे पॅपिलिओ डेमोलियसच्या, वाटतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि शेवटच्या अवस्थेत हिरव्या होतात. डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी दुशिंगी ग्रंथी बाहेर काढून त्या उग्र वास सोडतात. या फोटोसाठी अळीला काडीने टोचू नये. डहाळी बदलताना ती आपोआप ग्रंथी काढते, त्या वेळी कॅमेरा तयार असला की झाले. कोषाकडे रोज सकाळी पाहावे. त्याचे कवच पारदर्शक होऊन आतल्या पंखांची काळी-पिवळी नक्षी दिसू लागली की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू निघते. मी तेव्हा सहा वाजल्यापासून गॅलरीत बसते. कवच फुटून ते बाहेर यायला दोन-तीन मिनिटे पुरतात आणि सगळ्यांचे लक्ष चुरगळलेल्या पंखांकडे जाते, पण मी पहिल्यांदा तोंडावर फोकस धरते. नुकत्याच निघालेल्या फुलपाखराची सोंड दोन सुट्या धाग्यांची असते. ते धागे गुंडाळत, उलगडत, पुन्हा गुंडाळत ते एकमेकांत अडकवून एक नळी तयार करते. हे दृश्य १:१ च्या पुढे गेल्यावरच नीट दिसते आणि पुन्हा त्याच्या आयुष्यात येत नाही. नंतर पंख भरेपर्यंत त्याला हात लावू नये. पंख वाळल्यावर, ते उडायच्या आधीचा थोडा वेळ पंखांवरच्या खवल्यांचा असतो. ते कोकणातल्या घराच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले दिसतात आणि तेव्हा एकही खवला झडलेला नसतो.

एक छोटी सूचना: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये काही फुलपाखरे आणि भुंगेरेही आहेत, त्यामुळे ओळख पटल्याशिवाय रानातून काही आणू नये. लिंबावरचे फुलपाखरू सर्वत्र आढळते.

तर आज रात्री बरणीच्या तोंडाला आतून जाळी आहे की गुळगुळीत झाकण, ते बाहेरूनच पाहा. जाळी असेल, तर बरणी आहे तिथेच राहू द्या, खोलीतला दिवा मंद ठेवा आणि मोबाइल बरणीसमोर पुस्तकांच्या चळतीवर टेकवून ठेवा. झाकण गुळगुळीत असले तरी आता ते बदलू नका. त्याने धरलेली जागा त्याने निवडलेली आहे. कात पडल्यावर निदान एक दिवस त्याला खायला देऊ नका. त्यानंतर त्याला माशी द्या, ती खाऊन तो पाय साफ करायला लागला की बटर पेपर लावून पहिला फोटो घ्या, आणि त्याच्या शेजारी जाळीला लटकलेली पोकळ कात फेकू नका. ती हलत नाही, तिला डोळ्यांच्या पारदर्शक कवचांसकट सगळे अवयव असतात, आणि फोकसचा सराव करायला तिच्यासारखी दुसरी वस्तू मला मिळालेली नाही.