पायाला चिकटलेलं डांबर, बॉम्बे हाय आणि बांगडा

प्रश्न : काका, जूनच्या पहिल्या आठवड्यात नागावला गेलो होतो. मुलं पाण्यातून बाहेर आली तर तळपायाला काळं चिकट डांबर, वाळूत पण लिंबाएवढ्या गोळ्या पडलेल्या. गाडीचे मॅट वाया गेले ते गेलेच. यांचं म्हणणं हे समुद्रातल्या बॉम्बे हायच्या विहिरींचं तेल, सासरे म्हणतात जहाजवाले टाकतात. पुण्याला पोचेपर्यंत गाडीत हाच वाद. खरं काय? आणि हे निघतं कशाने?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, आधी पाय. खोबरेल तेल चोळा, पाच मिनिटं थांबा, जुन्या फडक्याने पुसा आणि मग साबण लावा. तेलाला तेलच सोडवतं. रॉकेल, पेट्रोल, थिनर मुलांच्या कातडीला अजिबात नको. मॅटचं मात्र आता काही होणार नाही, माझेही दोन गेलेत.

आता वाद. मी बरीच वर्षं समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मवर काढली, 14 दिवस वर आणि 14 दिवस घरी, आधी इकडे आणि मग आखातात, त्यामुळे मी तेलवाल्यांची बाजू घेणार असं तुमच्या यांना वाटेल, पण यावेळी सासऱ्यांना निम्मे मार्क द्यावेच लागतील. त्या गोळ्यांना टारबॉल म्हणतात. तेल पाण्यावर सांडलं की त्यातला हलका भाग, म्हणजे पेट्रोलसारखा, एकदोन दिवसात उडून जातो, उरलेलं जड तेल लाटांबरोबर घुसळून दाट होतं, त्यात वाळू, कचरा मिसळतो आणि गोळा बनतो. असा गोळा आठवडेच्या आठवडे तरंगू शकतो. मे संपता संपता वारा नैऋत्येकडून लागला की समुद्रात असेल ते सगळं किनाऱ्याकडे येतं, म्हणून गोवा, कोकण, जुहू सगळीकडे हे पावसाळ्याच्या तोंडावरच दिसतं. थंडीत गेला असतात तर पाय स्वच्छ आले असते.

आता हे तेल कोणाचं? बॉम्बे हाय मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत आहे, 1974 मधे सागर सम्राट या ड्रिलिंग रिगने तिथं तेल शोधलं आणि 1976 पासून ते निघतंय. तिथलं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, हलकं आहे, सांडलं तर बराच भाग उडून जातो. जहाजाच्या इंजिनात जळतं ते फर्नेस ऑइल मात्र काळं आणि जड, आणि टाक्या धुतलेलं पाणी चोरून समुद्रात सोडणारे आहेतच. नियमाने बिल्जच्या, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेल्या पाण्यात दहा लाख भागाला 15 भागच तेल चालतं, पण रात्री अंधारात भर समुद्रात मोजायला कोण बसलंय! गोळी लॅबमधे दिली तर तेलाचा ठसा काढता येतो, अगदी बोटाच्या ठशासारखा, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले लोक हेच काम करतात. नुसतं बघून सांगणारा मात्र थापा मारतोय असं खुशाल समजा, मग तो मी का असेना.

म्हणून बॉम्बे हाय धुतल्या तांदळाचं आहे असं नाही हं. मे 1993 मधे तिथून उरणला येणारी पाइपलाइन फुटली होती. आणि ऑगस्ट 2010 मधे मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली त्याचं तेल खारफुटीत घुसलं. वाळू खरवडून काढता येते हो, खारफुटीची मुळं कोण आणि कशाने पुसणार?

पण मला विचाराल तर खरी गोष्ट फुटण्याची नाहीच, रोजची आहे. विहीर म्हातारी झाली की तेलापेक्षा पाणीच जास्त वर येतं. ते सेपरेटरमधे तेलापासून वेगळं काढून, साफ करून बहुतेक वेळा समुद्रातच सोडतात. मी त्याचं सॅम्पल काचेच्या बाटलीत धरून उजेडाकडे बघायचो, वरवर निवळशंख पाणी, आणि बाटली जरा तिरकी केली की कडेला मोरपंखी तवंगाची बारीकशी रेघ. मर्यादेच्या आत असायचं, मी सहीही करायचो. पण तेच पाणी दिवसरात्र, वर्षानुवर्षं पडतं, त्याचा फोटो पेपरात कधीच येत नाही.

प्रश्न : मग आता गणेश पेठेतून बांगडा आणायचा की नाही? तिसऱ्यांचं काय?
– एक खवय्या, सिंहगड रोड

उत्तर : आणा की. माशाचं लिव्हर तेलातले विषारी घटक बऱ्यापैकी मोडून बाहेर टाकतं. तिसऱ्या, कालवं, शिणाणे यांना ते जमत नाही, पाणी गाळून खाणारी जात, जे येईल ते अंगात साठवतात. तेव्हा कुठे तेल सांडल्याची बातमी असेल तर त्या भागातल्या शिंपल्या काही महिने टाळा. बांगड्याला रॉकेलसारखा वास आला तर परत करा, कोळीणबाई काय बोलायचंय ते बोलतीलच, ऐकून घ्या. आणि जाता जाता, गॅरेजमधलं जुनं ऑइल गटारात ओतताना बघितलंत तर हटका, पुण्याचं पाणी मुठेतून भीमेला, उजनीला आणि पुढे कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतं, म्हणजे आपण कोकणाला नाही पण आंध्रवाल्यांना त्रास देऊ शकतो.

प्रश्न : काका, प्लॅटफॉर्मखाली मासे जास्त असतात असं व्हिडिओत बघितलं. मग नुकसान कसलं? (मुलीच्या प्रोजेक्टसाठी)

उत्तर : असतात, खरंच असतात. लोखंडी पायांवर शिणाणे आणि बार्नेकल (कडक कवचाचे, चिकटून बसणारे छोटे जीव) इतके बसतात की मूळ पाइप दिसत नाही, त्यांना खायला छोटे मासे, छोट्यांना खायला मोठे. शिवाय भोवती 500 मीटरपर्यंत मासेमारीला बंदी, म्हणजे माशांना आयतं अभयारण्य. मेक्सिकोच्या आखातात तर जुने प्लॅटफॉर्म मुद्दाम तळाशी आडवे करून ठेवतात, माशांच्या वस्तीसाठी. (कंपनीचा मोडतोडीचा खर्चही वाचतो, हे प्रोजेक्टमधे लिहायचं की नाही ते बाईंना विचारा.) पण त्या पायांच्या बुडाशी ड्रिलिंगमधून निघालेल्या चुऱ्याचा ढीग असतो, त्याखाली तळातले किडे, शिंपले गाडले जातात. आणि प्लॅटफॉर्म उभा राहायच्या आधी तेल शोधायला सर्व्हे होतो, जहाजामागून एअरगन, म्हणजे दाबलेल्या हवेचा बार काढणारं यंत्र, ओढत नेतात आणि दर दहापंधरा सेकंदाला धडाम, रात्रंदिवस, काही आठवडे. 2017 मधे टास्मानियाजवळच्या प्रयोगात एका एअरगनने सव्वा किलोमीटरपर्यंत मेलेले प्लवक नेहमीच्या दुप्पट-तिप्पट सापडले. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, समुद्रातला वरणभात समजायला सांगा तिला, आणि चित्र काढायचं असेल तर प्लॅटफॉर्म वर छोटासाच काढून खालचे पाय लांबलचक काढा, सगळे उलटं काढतात.