एकच सर्व्हर आणि तीन सबनेट

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात कार्यालय, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांसाठी तीन वेगळी सबनेट (नेटवर्कचे स्वतंत्र भाग) आहेत, संगणकांना आपोआप आयपी पत्ते देणारा डीएचसीपी सर्व्हर मात्र एकच असून तो कार्यालयाच्या सबनेटमध्ये आहे. प्रयोगशाळेतील संगणकाला तिथलाच पत्ता द्यायचा, हे त्याला कसे कळते? ग्रंथालयातील संगणकांना १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते का मिळतात?

उत्तर: नुकत्याच सुरू झालेल्या संगणकाला ना स्वतःचा पत्ता असतो, ना सर्व्हरचा ठाऊक असतो, म्हणून तो आपल्या सबनेटमधील सर्वांना उद्देशून ‘डिस्कव्हर’ हा संदेश सोडतो. असा संदेश राउटर पलीकडे जाऊ देत नाही. त्यासाठी राउटरवर रिले एजंट, म्हणजे असे संदेश पुढे नेणारी सोय, चालू करावा लागतो. सिस्कोच्या उपकरणांवर ‘आयपी हेल्पर-अॅड्रेस’ ही आज्ञा तेच काम करते. संदेश राउटरच्या ज्या इंटरफेसवर (जोडणीवर) आला त्याचा पत्ता हा रिले त्या संदेशातील ‘जीआयअॅडर’ या रकान्यात भरतो आणि संदेश थेट सर्व्हरच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टकडे पाठवतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या चार बाइटांच्या रकान्यात आहे. तिथे १०.२०.२.१ असे दिसले, की सर्व्हर तो पत्ता ज्या सबनेटमध्ये बसतो त्याच सबनेटच्या पूलमधला, म्हणजे वाटपासाठी ठेवलेल्या पत्त्यांमधला, मोकळा पत्ता निवडतो आणि आपली ‘ऑफर’ रिलेकडे धाडतो. रकान्यात शून्य असेल, तर विचारणा आपल्याच सबनेटमधून आली असे तो धरतो. मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) सबनेट ओळखले जाते, हा समज बराच पसरलेला असला तरी चुकीचा आहे. (हा रकाना डीएचसीपीचा स्वतःचा नव्हे; तो बूटपी या आधीच्या, १९८५ च्या प्रोटोकॉलकडून वारशाने आला आहे.)

१६९.२५४ चा पत्ता तुमच्या सर्व्हरने दिलेला नाही. कोणाचेच उत्तर न आल्याने संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. ग्रंथालयाच्या गेटवेवर (त्या सबनेटला बाहेर जोडणाऱ्या राउटरवर) रिले चालू आहे का, हे आधी पाहावे. तो चालू असेल, तर सर्व्हरचा लॉग उघडावा. विचारणा आलेली दिसते पण ऑफर गेलेली नाही, असे असल्यास त्या सबनेटचा पूल नोंदवलेला नाही किंवा संपला आहे. ऑफर जाऊनही पोहोचत नसेल, तर सर्व्हरकडून ग्रंथालयाच्या गेटवेपर्यंत परतीचा मार्ग आहे का, ते तपासावे. मी स्वतः एकदा यावर अर्धा दिवस घालवला आहे, कारण जाण्याचा मार्ग ठीक असल्याने येण्याच्या मार्गाची शंकाच येत नाही.

फायरवॉल असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. सर्व्हर प्रत्येक पत्ता ठराविक मुदतीसाठी देतो; ती निम्मी सरली, की संगणक नूतनीकरणासाठी रिलेला वगळून थेट सर्व्हरशी बोलतो. फायरवॉलने केवळ रिलेलाच वाट दिली असेल, तर ही विनंती अडते. पण साधारण ८७.५ टक्के मुदत संपल्यावर संगणक पुन्हा सर्वांना उद्देशून विचारतो, रिले ते पुढे नेतो आणि काम होऊन जाते. त्यामुळे हा दोष महिनोन्महिने झाकलेला राहू शकतो. पोर्ट ६७ ची परवानगी म्हणूनच गेटवेबरोबर ग्रंथालयाच्या संपूर्ण सबनेटलाही द्यावी.